टेबलाखालच्या राऊटरची उंची वरून, स्क्रूने आणि मोजून बसवता यावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत लहान फर्निचर कारखान्यांतून आणि घरच्या घरी लाकूडकाम करणाऱ्यांच्या शेडमधून राऊटर टेबल सर्रास दिसू लागले आहे. स्वतंत्र स्पिंडल मोल्डर (लाकडाच्या कडा घडवणारे मोठे यंत्र) घेण्याइतका पैसा किंवा जागा नसते, म्हणून हाताने चालवायचा राऊटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कापणारे यंत्र, उलटा करून टेबलाच्या पृष्ठभागाखाली बसवला जातो, त्याचे बिट (फिरणारे पाते) वर काढले जाते आणि लाकूड फेन्सला (टेबलावरील सरळ आधारपट्टीला) टेकवून पुढे सरकवले जाते. कल्पना उत्तम आहे आणि तिच्यामुळे खाच, खोबण, कुसू, गोलाई, पॅनेलची कड अशी अनेक कामे एकाच जागी होतात. मात्र बहुतेक ठिकाणी फेन्सवर भरपूर विचार झालेला असतो आणि बिटची उंची तेवढी जुन्या पद्धतीने, टेबलाखाली वाकून, एका हाताने मोटर ढकलत आणि दुसऱ्या हाताने लॉक आवळत बसवली जाते. सांधा जुळण्याचे अर्धे यश या उंचीवर अवलंबून असताना तिच्याकडे इतके दुर्लक्ष का होते, हा प्रश्न मी कोल्हापुरात लाकूडकाम शिकवताना नेहमी उपस्थित करतो. आपल्या वाचकांत कारागीर, यंत्रे विकणारे आणि प्रशिक्षण संस्थांचे शिक्षक अशा सर्वांचा समावेश असल्याने हा विषय सविस्तर मांडत आहे.

अडचणीचे मूळ राऊटरच्या रचनेत आहे. प्लंज प्रकारचा राऊटर हातात धरून वापरण्यासाठी बनवलेला असतो. मोटर दोन खांबांवर वर-खाली सरकते आणि आतील स्प्रिंग तिला तळपट्टीपासून दूर ढकलत असते. यंत्र सुलट असताना मोटरचे वजन खाली आणि स्प्रिंगचा जोर वर, अशी दोन बले एकमेकांना तोलून धरतात, म्हणून हाताने दाब देणे सोपे जाते. तेच यंत्र उलटे टांगले की वजनही खाली आणि स्प्रिंगचा जोरही खाली. बिट वर काढायचे तर दोन्हींच्या विरुद्ध मोटर उचलावी लागते, आणि अर्ध्या इंची कोलेटचा (बिट पकडणाऱ्या पकडीचा) राऊटर पाच-सहा किलोंचा असतो. अशा अवस्थेत अर्धा मिलिमीटर वर घेणे हे हाताच्या अंदाजाने होणारे काम नाही. खोलीचा थांबा, म्हणजे डेप्थ स्टॉपचा दांडा, असतो हे खरे. पण तो टेबलाखाली अंधारात जातो, त्यावरील आकडे उलटे दिसतात आणि भुसा त्यावर सतत पडत राहतो.

एवढी बारकाई हवी कशाला, असे काही अनुभवी सुतार विचारतात. साध्या गोलाईला ती नको हे मान्य. परंतु फळ्या कडेने जोडण्यासाठी जे दातेरी ग्लू-जॉइंट बिट वापरतात, त्यात एक फळी सुलट आणि दुसरी उलटी फिरवून एकाच उंचीवर कापली जाते. बिटचा मध्य फळीच्या जाडीच्या मध्यापासून ०.२ मिमी सरकला, तर दोन फळ्यांच्या पृष्ठभागांत ०.४ मिमीची पायरी येते, कारण चूक दोन्ही बाजूंना सारखी मोजली जाते. कोपरा एकमेकांत अडकवून जोडणाऱ्या लॉक मायटर बिटचे गणितही याच जातीचे आहे, आणि तिथे उंचीबरोबर फेन्सही जुळवावी लागत असल्याने चूक नेमकी कुठे आहे हे शोधणे आणखी अवघड जाते. ०.४ मिमीची पायरी बोटाला लागते, पॉलिश केल्यावर उजेडात दिसते, आणि ती घालवण्यासाठी रंधा किंवा सँडर चालवला तर व्हिनियर (वरचा पातळ लाकडी थर) फाटण्याची भीती असते. शिवाय बाजारात १८ मिमी म्हणून मिळणारा प्लाय प्रत्यक्षात बहुधा थोडा कमी भरतो. त्यामुळे बिट छापील जाडीवर बसवता येत नाही; हातातला तुकडा मोजून, त्यावर एक नमुना काप घेऊन, मग उंची केसभर वर-खाली करावी लागते. हा ‘केसभर’ बदल सहज आणि पुन्हा तसाच करता येणे म्हणजेच उंची बसवण्याची चांगली सोय.

आपल्याकडे यावर सर्वात लोकप्रिय उपाय म्हणजे मोटारीचा जॅक. चौकोनी घडीचा, स्क्रूने उघडणारा जुना जॅक राऊटरखाली ठेवतात आणि हँडल फिरवून मोटर उचलतात. वजन उचलण्याचा प्रश्न त्याने सुटतो, यात वाद नाही, आणि काहीच नसण्यापेक्षा तो बरा. पण मोजमापाच्या दृष्टीने त्यात मोठा दोष आहे. या जॅकचे हात आडव्याशी ३० अंशांचा कोन करत असताना हँडलच्या एका फेऱ्याने जेवढी उंची वाढते, तिच्या एक तृतीयांशच उंची हात ६० अंशांवर उभे असताना वाढते. म्हणजे एक फेरा बरोबर इतके मिलिमीटर, असे प्रमाण बांधताच येत नाही. सकाळी खालच्या उंचीवर लागलेला हाताचा अंदाज दुपारी वरच्या उंचीवर उपयोगाचा राहत नाही. दुसरे असे की जॅक मोटरला खालून ढकलतो, आणि मोटरचा मागील भाग गोलसर असल्याने तो ढकलणारा बिंदू दोन खांबांच्या मध्यावर राहीलच याची खात्री नसते. दाब एका बाजूला पडला की, एका कोपऱ्यातून ओढलेला ड्रॉवर जसा तिरपा होऊन अडकतो, तशी मोटर खांबांवर अडकते आणि मग एकदम उसळी घेते. नवशिके कारागीर याला राऊटर खराब झाला असे समजतात, प्रत्यक्षात उचलण्याची जागा चुकलेली असते.

याहून चांगला आणि फारसा महाग नसलेला मार्ग म्हणजे राऊटर ज्या धातूच्या प्लेटला लावलेला असतो तिच्यातून खाली टांगलेला आटेदार दांडा. दांड्याचे डोके प्लेटच्या वरच्या अंगाला थ्रस्ट बेअरिंगवर (दांड्याच्या दिशेने येणारा भार झेलणाऱ्या बेअरिंगवर) टेकते, दांडा खांबांना समांतर खाली जातो आणि मोटरच्या घरावर पक्क्या बसवलेल्या पितळी नटातून पार होतो. वरून एलन की (षटकोनी चावी) घालून दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवला की नट वर चढतो आणि त्याच्याबरोबर मोटर वर येते. या रचनेचा मोठा गुण असा की दांडा ताणाखाली असतो. खालून ढकलणारा दांडा वाकू शकतो, टांगलेला दांडा वजनानेच सरळ राहतो. मोटरचे वजन आट्यांची एकच बाजू सतत दाबून धरत असल्याने नट आणि दांडा यांच्यातील ढिलाई, जिला कारखान्यात ‘प्ले’ म्हणतात, तीही बहुतांशी आपोआप भरून निघते. १० मिमीच्या दांड्यासाठी ५११०० क्रमांकाचे थ्रस्ट बेअरिंग बसते आणि ते कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. दांडा प्लेटमधून वर उचलला जाऊ नये म्हणून प्लेटच्या खालच्या अंगाला दोन नट एकमेकांवर आवळून चेकनट करावा. मात्र तो इतका घट्ट नसावा की दांडा फिरायलाच जड जाईल.

दांडा कोणता घ्यावा, यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण मोजमापाची सोय इथेच ठरते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या एम१० दांड्याचा पिच १.५ मिमी असतो, म्हणजे एका फेऱ्यात मोटर दीड मिलिमीटर सरकते. त्याच्या डोक्यावर ६० मिमी व्यासाची चकती बसवून तिचे ३० समान भाग पाडले, तर प्रत्येक भाग ०.०५ मिमीचा होतो आणि दोन रेघांमध्ये सहा मिलिमीटरांहून अधिक अंतर राहते, जे चष्म्याशिवायही वाचता येते. एम१२ चा पिच १.७५ मिमी आहे. त्यावरही ३५ भाग करून तेच माप मिळते, पण रोजच्या हिशेबाला तो आकडा गैरसोयीचा ठरतो. ज्यांना थोडा अधिक खर्च चालेल त्यांनी थ्री-डी प्रिंटरसाठी मिळणारा ८ मिमीचा लीड स्क्रू आणि स्प्रिंगवाला पितळी नट जरूर घ्यावा, परंतु घेताना एक गोष्ट नक्की विचारावी. हे स्क्रू दिसायला सारखे असले तरी काहींचा एका फेऱ्यातील प्रवास ८ मिमी असतो आणि काहींचा २ मिमी. आठचा स्क्रू प्रिंटरमध्ये वेगासाठी योग्य असतो, राऊटरखाली मात्र मोटरच्या वजनाने आणि मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या कंपनाने तो आपोआप उलटा फिरून मोटर खाली उतरू शकते. इथे दोनचाच स्क्रू हवा.

नटाची जागा दोन खांबांच्या मध्यरेषेच्या जितकी जवळ तितकी चांगली, हे वर सांगितलेल्या कारणासाठीच. बऱ्याच राऊटरमध्ये डेप्थ स्टॉपचा दांडा जिथून जातो ती जागा त्यासाठी सोयीची असते, कारण तिथे मोटरच्या घरावर मूळचीच जाड कड असते. तरीही मोटरच्या घराला छिद्र पाडण्यापूर्वी आत वायर किंवा वाइंडिंग (मोटरची तारेची गुंडाळी) नाही याची खातरजमा करणे आणि शक्य असेल तर छिद्र न पाडता आवळपट्टीने नट बसवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. खांबांतील स्प्रिंग काढायच्या की नाही, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की जड राऊटर टेबलासाठीच कायमचा ठेवायचा असेल तर स्प्रिंग काढाव्यात, कारण मोटरचे वजन ढिलाई भरण्यास पुरेसे असते आणि फिरवणे हलके होते. ६ मिमी कोलेटच्या लहान ट्रिमरचे (छोट्या राऊटरचे) वजन तेवढे नसते, तिथे उलट एखादी हलकी स्प्रिंग उपयोगी पडते. स्प्रिंग काढताना ती दाबाखाली असते आणि उडून डोळ्याला लागू शकते, म्हणून सुरक्षेचा चष्मा घालून, उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमानेच ती काढावी.

उंची घेताना शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने असावी. बिट जास्त वर गेले तर नुसते थोडे खाली आणून थांबू नये. अर्धा फेरा खाली जाऊन पुन्हा वर यावे. खाली आणताना मोटर खांबांच्या घर्षणाने जागीच अडकून राहू शकते आणि मग काम सुरू झाल्यावर कंपनाने हळूच खाली बसते. पहिले दोन तुकडे बरोबर आणि तिसऱ्यापासून खाच उथळ, ही तक्रार पुष्कळदा याच कारणाने येते. चकतीवरील शून्य ठरवण्यासाठी प्लग काढून, बिट टेबलातून ज्या छिद्रातून वर येते त्यावर स्टीलची सरळपट्टी आडवी ठेवावी आणि बिट हाताने फिरवत पाते पट्टीला जेमतेम घासेपर्यंत वर घ्यावे. बिटचे पाते फिरताना जिथे सर्वात उंच येते तीच खरी उंची, म्हणून बिट न फिरवता घेतलेले माप विश्वासाचे नसते. चकतीचे कडे ग्रब स्क्रूने (डोके नसलेल्या लहान स्क्रूने) सैल करून शून्यावर आणता आले पाहिजे, नाहीतर प्रत्येक वेळी बेरीज-वजाबाकी करत बसावे लागते.

आता लॉकविषयी. माझ्या दृष्टीने संपूर्ण रचनेतील हा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. बहुतेक प्लंज राऊटरचे लॉक एकाच खांबाला आवळते. ते आवळताना मोटर किंचित तिरपी होते आणि काळजीपूर्वक घेतलेली उंची बदलते. याची परीक्षा सोपी आहे. कोलेटमध्ये १२ मिमीचा गुळगुळीत दांडा पकडावा, त्याच्या टोकावर डायल गेजची (बारीक हालचाल मोजणाऱ्या उपकरणाची) सुई टेकवावी आणि लॉक अनेकदा सैल-घट्ट करून पाहावे. सुई प्रत्येक वेळी तेवढीच हलत असेल तर प्रश्न नाही. तेवढे अंतर आधीच धरून उंची घेता येते. ती कधी ०.०३ तर कधी ०.१५ मिमी हलत असेल, तर खांबांच्या बुशी (खांब ज्यांतून सरकतात त्या नळ्या) झिजल्या आहेत असे समजावे, आणि चकतीवर कितीही बारीक रेघा मारल्या तरी त्यांचा उपयोग होणार नाही. म्हणून चकती बसवण्याच्या आधी ही परीक्षा घ्यावी, असा माझा आग्रह असतो. डायल गेज नसेल तर जवळच्या टर्नरकडे (लेथ चालवणाऱ्या कारागिराकडे) तो असतोच. बुशी ठीक असूनही लॉकने उंची हलत असेल, तर दुसऱ्या खांबावर दोन तुकड्यांची आवळपट्टी बसवून दोन्ही बाजूंनी सारखा दाब देणे हा साधा इलाज आहे.

उंची टेबलाच्या पृष्ठभागापासून मोजली जाते, त्यामुळे पृष्ठभाग सपाट नसेल तर वरील सर्व खटाटोप वाया जातो. एमडीएफचा माथा राऊटरच्या वजनाने काही महिन्यांत मध्यभागी खाली बसतो, आणि आमच्याकडील पावसाळ्यात कडा उघड्या असतील तर फुगतोही. दोन्ही कडांवर सरळपट्टी ठेवून मध्ये फिलर गेज (फट मोजणारी पातळ पाती) घातला की किती खोलगट झाला ते कळते. राऊटर थेट माथ्याला न लावता ८ किंवा १० मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम प्लेटला लावावा, प्लेट चारही कोपऱ्यांतील ग्रब स्क्रूंनी माथ्याशी समतल करावी आणि माथ्याखाली आडवे पट्टे द्यावेत. लाकूड बिटवरून जाताना किंचित उचलले गेले तरी खाच उथळ होते, म्हणून वरून दाबणारा फेदरबोर्ड लावल्याशिवाय उंचीच्या यंत्रणेला दोष देऊ नये. आट्यांना ग्रीस लावू नये, कारण त्यात भुसा बसून काही दिवसांत घट्ट लगदा होतो. कोरडे मेण किंवा ग्राफाइट पुरते.

एका धोक्याकडे सर्वांचे लक्ष वेधणे मला अत्यंत आवश्यक वाटते. हातातल्या राऊटरचे बटण टेबलाखाली गेल्यावर हाताला येत नाही, म्हणून ते कायम चालू स्थितीत ठेवून भिंतीवरच्या साध्या बटणावरून यंत्र चालवण्याची पद्धत पडली आहे. ग्रामीण भागात आणि औद्योगिक वसाहतीतही वीज मध्येच जाते. ती गेली की कारागीर सहज टेबलाजवळ येतो, बिटची उंची मोजू लागतो किंवा बिटभोवतीचा भुसा बोटाने काढू लागतो, आणि त्याच क्षणी वीज परत आली तर बिट पूर्ण वेगाने फिरू लागते. यासाठी वीज गेल्यावर आपोआप तुटणारे आणि हाताने पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारे नो-व्होल्ट बटण टेबलाच्या पुढच्या पायाला बसवणे हे माझ्या मते कोणत्याही सुधारणेच्या आधी करायचे काम आहे. ते बसवल्यावरही उंची बदलताना प्लग काढावाच. उंची वरून बसवता येण्याचा आणखी एक लाभ इथेच लक्षात येतो, कारण हात टेबलाखाली, कोलेट आणि पंख्याजवळ, घालण्याचे कारणच उरत नाही.

यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांकडून फार मोठी अपेक्षा नाही. ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या ट्रायटन कंपनीच्या प्लंज राऊटरमध्ये तळपट्टीतून आरपार जाणारे हँडल घालून टेबलाच्या वरूनच उंची बदलण्याची सोय आहे, म्हणजे ही गोष्ट कारखान्यातच करता येण्याजोगी आहे हे सिद्ध आहे. आपल्या बाजारातील इतर राऊटरच्या तळपट्टीला निदान एक आरपार छिद्र आणि मोटरच्या घरावर आटे पाडलेला एक उंचवटा मूळ साच्यातच दिला, तर उरलेले काम कारागीर स्वतः करून घेतील. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनापासून कास्टिंगपर्यंत कामे करणारी मंडळी आहेत. एक दांडा, एक पितळी नट आणि एक रेघांची चकती त्यांना लेथवर एका दुपारी करून देता येते. गरज आहे ती सुताराने टर्नरला नेमके काय हवे ते सांगण्याची, आणि त्यासाठी कागदावर मापांसह एक साधे रेखाचित्र काढता येणे पुरेसे आहे.

प्रशिक्षणातही याला जागा मिळावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, आणि त्यापुढे १५ दिवस किंवा अधिक काळाचे प्रगत प्रशिक्षणही आहे. मूलभूत वर्गात वेळ कमी असतो हे मी जाणतो. पण प्रगत वर्गात आणि आयटीआयच्या सुतारकाम विभागांत राऊटर टेबलवर उंची घेणे, लॉकची परीक्षा, नमुना काप आणि नो-व्होल्ट बटण एवढ्या चार गोष्टी प्रत्यक्ष यंत्रावर करून दाखवण्यास अर्धा दिवस पुरतो. ज्या प्रशिक्षण संस्थेला अशा दांड्याचे आणि चकतीचे मापांसह रेखाचित्र हवे असेल तिने आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी ते विनामूल्य पाठवीन.

आपला विश्वासू,
एक लाकूडकाम शिक्षक,
कोल्हापूर